नाव वगळून

प्रिय ताई,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडलं. पण नुसतं 'ताई' लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझ्या या बेडकीला अजून पत्र लिहायची रीत कळत नाही. तुझे फोन मी घेत नाही, तुझे निरोप आई आणते आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करते, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. म्हणून हे पत्र, आणि तेही हाताने. माझं अक्षर तुझ्याशिवाय कोणालाच लागत नाही. शाळेत माझे निबंध तूच चांगल्या अक्षरात उतरवून द्यायचीस, आणि उतरवता उतरवता दोन-चार वाक्यं स्वतःची घुसडायचीस. बाईंनी 'छान' असा शेरा दिला की तो तुझ्या वाक्यांना मिळालाय की माझ्या, ते मला कळायचं नाही.

आधी घरचं सांगते. आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरीणबाईंनी वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि घरी आल्या आल्या ती पलंगाखालची ट्रंक ओढायला लागली. ओरडले तर म्हणते, 'मी वाकले नाही, मी बसले.' तुझ्यातला वकील कुठून आला ते मला तेव्हा कळलं. उजवा डोळा पुढच्या महिन्यात. बाबा गेल्यापासून बंद असलेलं दुकान अखेर भाड्याने गेलं. मोबाइल दुरुस्त करणारा एक उत्साही माणूस आलाय, त्याने शटर पोपटी रंगवलंय. आई तिकडून जाताना मान फिरवते. कापड बेतायचं लांब टेबल मात्र त्याने ठेवून घेतलं, म्हणाला, असं लाकूड आता मिळत नाही. कोर्टासमोरच्या त्या अरुंद दुकानात बाबांनी जन्मभर वकिलांचे काळे डगले शिवले, तुझा पहिला डगलाही त्याच टेबलावर बेतला. मापं घेता घेता ते गिऱ्हाइकांच्या भानगडी ऐकायचे आणि जेवताना आपल्याला नकला करून सांगायचे. आपण हसून हसून ताटावर पडायचो. तू मागे फोनवर म्हणालीस ना, 'बाबा नाही का सगळ्यांचं सांगायचे?' सांगायचे. पण ते आपल्या चौघांत सांगायचे, ताई. छापून वाटायचे नाहीत.

माझं म्हणशील तर मी आता गुडघेवाल्यांना शिकवते. हॉस्पिटलच्या तळघरात एक छोटा तलाव आहे, पाणी कपात विसरलेल्या चहाइतकं कोमट. त्यात सांधे धरलेली म्हातारी माणसं कंबरभर पाण्यात एका रांगेत चालतात आणि मी काठावरून 'पाय उचला, पाय उचला' ओरडत असते. एक आजोबा आहेत, निवृत्त इंजिनिअर. ते मला रोज सांगतात की या तलावाचा उतार चुकलाय. माणसं गोड आहेत, पण इथे कोणी पहिल्यांदा पाण्यावर तरंगत नाही. क्लबमध्ये लहान मुलांना शिकवताना तो एक क्षण यायचा. मूल मानेखालचा माझा हात घट्ट धरून असायचं, मग कधीतरी मी हात काढलाय हे त्याच्या लक्षात यायचं आणि तरी ते बुडत नसायचं. त्या वेळचे त्याचे डोळे बघायला मी अकरा वर्षं पहाटे उठत होते. आता उठावं लागत नाही. गुडघेवाले दहाला येतात.

तुझ्या ऑफिसात मी आले होते तो दिवस तुला आठवतो का, मला माहीत नाही. तुला रोज माणसं भेटत असतील. मला आठवतो, कारण मी केस ओले तसेच बांधून, क्लबचा टी-शर्ट घालून आले होते, आणि तुझ्या सेक्रेटरीने मला कुरिअरवाली समजून पार्सल कुठे ठेवायचं ते सांगितलं. तू मला काचेच्या भिंतींच्या खोलीत नेलंस. त्याच्या आदल्या दिवशी आमच्या मॅनेजरने मला बोलावून घेतलं होतं. विम्याचं नूतनीकरण होतं, विमा कंपनीने कर्मचाऱ्यांची माहिती कुठूनशी विकत घेतली होती, आणि माझ्या नावापुढे एक ओळ होती. बिचारा माझ्याकडे न बघता तो कागद टेबलावर सरकवत होता. म्हणाला, 'हे मी वाचलं नाही असं समजा. फक्त काही दिवस खोल तलावाऐवजी छोट्या मुलांच्या तलावावर या.' मी गेले. तक्रार केली नाही. पण ती ओळ त्यांच्यापर्यंत आली कशी, ते मला कळत नव्हतं. ती मी फक्त एका ठिकाणी लिहिली होती, समुपदेशनाच्या एका अ‍ॅपमध्ये, सात वर्षांपूर्वी. ती कंपनी नंतर दुसरीला विकली गेली, दुसरी तिसरीला, आणि माझं रडणं सामानासोबत इकडून तिकडे गेलं. म्हणून मी तुझ्याकडे आले. घरात एक वकील आहे, तीही माहितीच्या कायद्यातली, वकील संघटनेच्या समितीची अध्यक्ष. मग मी कोणाकडे जायला हवं होतं?

तू दार लावून घेतलंस, पिवळा पॅड पुढे ओढलास आणि म्हणालीस, 'सगळं सांग, अगदी पहिल्यापासून.' मी विचारलं, 'काही सही वगैरे लागेल का, वकीलपत्र?' तू हसलीस. 'वेडी का तू? बहिणीकडून कोणी वकीलपत्र घेतं?' मग मी सांगितलं. जे नवरा आणि पंपघरातला म्हातारा सोडून कोणालाच पुरतं ठाऊक नव्हतं ते तुला सांगितलं. तू मध्येच माझा हात धरलास. तुझे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. शेवटी तू पेन खाली ठेवून म्हणालीस की सध्याच्या कायद्यात काहीच करता येत नाही. आपल्याकडे खासगी माहिती फुटली म्हणून सामान्य माणसाला दावा लावायचा हक्कच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. 'म्हणूनच तर आम्ही भांडतोय,' म्हणालीस. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला. लिफ्टमध्ये मी एका अनोळखी माणसाला सांगितलं, ती माझी मोठी बहीण आहे.

पुढचं तुझ्या बाजूने तुला माहीतच आहे. आता माझ्या बाजूने ऐक. आईला तेव्हा दोन्ही डोळ्यांनी नीट वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या बाई दुपारच्या चहाला यायच्या आणि पेपर वाचून दाखवायच्या. त्यांना मोठ्याने वाचायची हौस, जाहिरातीसुद्धा वाचतात. त्या दिवशी त्यांनी वकील संघटनेची बातमी मुद्दाम वाचायला घेतली, कारण त्यात तुझं नाव आणि फोटो होता. संघटनेने नव्या कायद्यासाठी संसदेच्या समितीला निवेदन दिलंय, आणि निवेदनातली उदाहरणं मन हेलावून टाकणारी आहेत, असं बातमीत होतं. त्यातलं तिसरं त्यांनी पूर्ण छापलं होतं. एका क्लबात मुलांना पोहायला शिकवणारी तरुण शिक्षिका, वकिलांचे डगले शिवणाऱ्या एका कष्टाळू शिंप्याची मुलगी. बाळ पोटातच गेल्यावर काही महिन्यांनी ती एका सकाळी त्याच तलावात उतरली ते वर यायचं नाही असं ठरवून. पंपघरातल्या माणसाने तिला बाहेर काढलं. बाई वाचत होत्या, आई ऐकत होती, आणि मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. 'शिंप्याची मुलगी' या शब्दांपाशी बाईंचा आवाज बारीक झाला, पण त्या थांबल्या नाहीत. थांबायचं कसं ते त्यांना सुचलं नसणार.

बाळाचं आईला माहीत होतं. पुढचं नव्हतं, ताई. मी ते तिला कधीच सांगणार नव्हते. ती उठली. बाईंना दारापर्यंत सोडून आली, माझ्याकडे न बघता तिने ओटा पुसायला घेतला. मी 'आई' म्हटलं, तर म्हणाली, 'आधी हात पूस, थंडी आहे.' दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले तर न्हाणीची कडी जागेवर नव्हती. तिने स्क्रू काढून ठेवले होते, त्या तसल्या डोळ्यांनी, चाचपून. आजही मी आंघोळीला गेले की ती बाहेर स्टूल टाकून बसते आणि काहीबाही विचारत राहते, भाजी कुठली करू, दूधवाला आला होता का. मी उत्तर द्यायला जरा उशीर केला की दारावर थाप पडते. मी आता बादलीभर पाण्यानेही गाणं म्हणत आंघोळ करते, म्हणजे तिला आवाज येत राहील. तुझ्या निवेदनात 'नुकसानाचे स्वरूप' असं एक प्रकरण आहे. ते मी वाचलं. हे त्यात नाही.

क्लबचं तर आठवडाभरातच झालं. या गावात क्लब एक आणि वकिलांचे डगले शिवणारा शिंपीही एकच होता. त्यात आमच्या तलावावर येणाऱ्या निम्म्या मुलांचे आईबाप वकील, त्यांच्या डगल्यांच्या आत अजून बाबांची चिठ्ठी शिवलेली असेल. कोणी मला वाईट बोललं नाही. बोलले असते तर उत्तर देता आलं असतं. एकीने मुलाला कपडे बदलायच्या खोलीतूनच परत नेलं, म्हणाली, त्याला सर्दी आहे. दुसरीने मोठ्या मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, 'आता बरं आहे ना? पाण्याजवळ काही होत नाही ना?' मला पोहायला येतं हे माझ्या सात वर्षांच्या विद्यार्थ्यांना पटत होतं, त्यांच्या आयांना पटत नव्हतं. मॅनेजर शेवटी म्हणाला, 'मी दाबून ठेवलं होतं हो, पण आता ते पेपरात आलंय.' विमा कंपनीला जे जमलं नाही ते माझ्या बहिणीने करून दाखवलं. नवरा त्या दिवशी तुझ्या गाडीची काच फोडायला निघाला होता. मी किल्ल्या लपवल्या. आता वाटतं, एक काच गेली असती तर बरं झालं असतं. निदान तुला काही फुटल्याचा आवाज तरी आला असता.

मी फोन केला तेव्हा तू काय म्हणालीस ते शब्दशः सांगते, कारण ते मला पाठ आहे. 'अगं, नाव वगळलंय ना.' मग म्हणालीस, समितीतल्या लोकांना आकडे कळत नाहीत, माणूस कळतो. त्या एका उदाहरणावर दोन खासदार विरघळले. मग म्हणालीस, 'तुझ्यासारख्या हजारो जणींचं भलं होईल.' मी म्हटलं, मला आधी विचारायचं होतंस, तर तू जे खरं होतं ते बोललीस, 'विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.' एवढं प्रामाणिक उत्तर तू मला आजवर कधीच दिलं नव्हतंस. फोन ठेवल्यावर मी तुझं ते निवेदन अख्खं वाचून काढलं. माझ्यानंतर दोनच पानांवर तू लिहिलंयस की केवळ नाव वगळल्याने माणसाची ओळख पुसली जात नाही, व्यवसाय, गाव, नातेवाईक यांवरून ती सहज पटते, आणि कायद्याने हे ध्यानात घ्यायला हवं. ते वाक्य चांगलं आहे. दिव्याखाली अंधार असतो हे ऐकलं होतं, पण दिव्याला तो माहीत असतो हे मला माहीत नव्हतं.

मी तुझ्या संघटनेकडे तक्रार केली ते तुला आवडलं नाही, आईकडून कळलं. 'घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेली' म्हणालीस म्हणे. चव्हाट्यावर कोणी नेली, ते जाऊ दे. शिस्तपालन समितीने मला बोलावलंही नाही. उत्तर चार ओळींचं होतं. तक्रारदाराने वकीलपत्र दिलेलं नाही, म्हणून ती अशील नाही, म्हणून व्यावसायिक गैरवर्तणुकीचा प्रश्न येत नाही. सबब ही कौटुंबिक बाब आहे. खाली सही करणाऱ्याचा डगला बाबांनी दोनदा उसवून शिवून दिला होता, पोट सुटलं म्हणून. म्हणजे मी तुझ्या खोलीत बसले तेव्हा बहीण होते म्हणून वकीलपत्र नको, आणि तुझ्या पॅडवरून निवेदनात गेले तेव्हा बहीण नव्हते म्हणून विचारायला नको. धड अशील नाही, धड बहीण नाही. आणि गंमत बघ, त्याच निवेदनात तुम्ही मागितलंत की वकिलांना या कायद्यातून सूट द्या, कारण वकिलांना आवर घालायला त्यांची स्वतःची शिस्तपालन समिती समर्थ आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. खासदारांनी ती सूट फक्त कोर्टातल्या कामापुरती दिली, बाकीची नाकारली. त्यांच्यात कोणीतरी एक शहाणं होतं.

कायदा झाला. तुझी मुलाखत आली, आई फोटोवरून हात फिरवत होती. मी एका तज्ज्ञाचा लेख वाचला, त्यात होतं की कायदा मागच्या गोष्टींना लागू नाही. म्हटलं, संपलं, माझं बुडणं कायद्याच्या अलीकडच्या काठाला राहिलं. मी खरंच सोडून दिलं होतं, ताई. गुडघेवाल्यांत रमले होते. मग गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर तुमच्या संघटनेच्या नव्या पुस्तिकेचा गठ्ठा येऊन पडला, चकचकीत कागद, 'तुमची माहिती, तुमचा हक्क'. आत तिसरं उदाहरण जसंच्या तसं, आणि शेजारी रंगीत चित्र, टोपी घातलेली एक बाई तलावाच्या काठावर मान खाली घालून बसलीय. माझे गुडघेवाले ती चाळत होते. उतारवाले इंजिनिअर आजोबा चित्राकडे बघत होते, मग माझ्याकडे, आणि मग ते पुस्तिकेची घडी घालून तिच्यावर बसले. दिवसभर उठले नाहीत. त्याच संध्याकाळी आईने तुझा निरोप आणला. पुस्तिकेचं प्रकाशन आहे, मोठी माणसं येणार आहेत, आणि बेडकी व्यासपीठावर येऊन दोन शब्द बोलली तर किती परिणाम होईल. आई म्हणाली, 'ताई म्हणतेय तर जा ना, मनातलं बोलून मोकळी हो. तिलाही वाईट वाटतंय ग.' मी विचारलं, 'तिने तसं म्हटलं का?' आई म्हणाली, 'म्हटलं नाही, पण वाटत असेलच.'

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, पन्नाशी उलटल्यावर पोहायला शिकायला आलेली. काठाची दांडी अशी धरायची की मुलांनी तिचं नाव खेकडा ठेवलं होतं. ती वकील आहे, बहुतेक जमिनीचे वाद चालवते, आणि तुमच्या संघटनेची वर्गणी तिने कधीच बंद केलीय, का ते विचारलं की शिव्या देते. मी पुस्तिका घेऊन तिच्याकडे गेले. तिने आधी माझ्यापुढे वकीलपत्र सरकवलं आणि माझी सही होईपर्यंत मला एक शब्द बोलू दिला नाही. मग कायदा वाचला, सावकाश, ओळीखाली बोट धरून, जशी पाण्यात पाय टाकायची तशी. मग म्हणाली, 'निवेदन जुनं आहे, त्याला हात लावता येणार नाही. पण ही पुस्तिका कधीची आहे? कायदा लागू झाल्यानंतरची.' आणि मग तुझंच ते कलम दाखवलं, नावाशिवायही ओळख पटत असेल तर ती खासगी माहितीच. तू भांडून घालून घेतलेलं. खेकड्याने ते कलम असं पकडलंय की आता सुटायचं नाही.

तर हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. सोमवारी मी दावा दाखल केला. या कायद्याखाली इथल्या कोर्टात आलेला हा पहिलाच, खिडकीवरचा कारकून तो कुठल्या रजिस्टरात घालायचा ते दोघा-तिघांना विचारून आला. प्रतिवादी पहिली संघटना, प्रतिवादी दुसरी तू. पुस्तिका परत घ्या, राहिलेल्या प्रती नष्ट करा, आणि पुस्तिकेने मला पुन्हा उघडं पाडल्याची भरपाई द्या, एवढं मागितलंय. भरपाई नको, नुसती माफी दे, असं मी म्हणणार नाही. माफी तू मनापासून मागशील, सुंदर भाषेत मागशील, आणि मग ती कुठल्यातरी भाषणात सांगशील. समन्स या आठवड्यात तुझ्या ऑफिसात येईल. ते चार लोकांसमोर हातात पडण्याआधी तुला घरात बसून कळावं, म्हणून लिहिलं. मला कोणी असं कळवलं नव्हतं आणि ते कसं असतं ते मला ठाऊक आहे. त्या समारंभाला मी येणार नाही. आईला आज संध्याकाळी मी स्वतः सांगणार आहे, सगळं, दाव्याचं आणि त्या सकाळचंही, पेपरात होतं तसं नाही, झालं होतं तसं. तू मध्ये पडून आधी सांगू नकोस. आणि हे पत्र कोणाला दाखवावंसं वाटलं, तर या वेळी मला विचार.

तुझीच,
बेडकी